गोल होताना चुलीपाशी कुणी नको: सामन्याच्या रात्रीचा कोकणी बेत

१८ डिसेंबर २०२२ ची रात्र, फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. सव्वादहाच्या सुमारास मी आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी वडे तळत होतो. बाहेरच्या खोलीत अठरा माणसं दाटीवाटीनं बसलेली, अर्जेंटिना दोन-शून्यनं पुढे, सामना संपायला दहा मिनिटं. म्हटलं, आता काय व्हायचं राहिलंय, तेवढ्यात गरम वडे काढून घेऊ. फ्रान्सच्या एम्बापेनं पेनल्टीवर गोल मारला तेव्हा माझ्या कढईत पाच वडे होते. झारा हातात घेऊन दारापर्यंत आलो, तर मागून करपल्याचा वास आला. वळलो, वडे काढले, आणि बाहेर पुन्हा आरडाओरडा. दोन गोलांमध्ये ९७ सेकंद होते म्हणे. ते सगळे मी तेलाकडे बघत काढले. "मेल्या, हाक तरी मारूची होती," म्हणून मेहुण्यावर ओरडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "वडे करपतीत म्हणान मारूक नाय."

त्या रात्रीपासून आमच्या घरात एक नियम आहे. रेफ्रीची शिट्टी वाजली की गॅस बंद. वाढणाऱ्यालाही सामना बघायचा असतो, मग ती आई असो, वहिनी असो नाहीतर मी. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका नियमातून निघालेलं आहे. घरी पहिल्यांदाच सामन्याला माणसं बोलावणार असाल, तर कामाला येईल.

आधी घड्याळ बघा

पदार्थ ठरवण्याआधी सामना आपल्याकडे किती वाजता लागतो ते बघायचं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला दिसतात आणि तिकडे घड्याळं पुढे केली की साडेसातला. म्हणजे ऐन जेवणाची वेळ. इथे पोटभर बेत हवा. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने हिवाळ्यात रात्री दीडला आणि एप्रिल-मेमध्ये साडेबाराला सुरू होतात. तिथे लोक घरून जेवून येतात, त्यांना चघळायला काहीतरी लागतं आणि नंतर झोप घालवायला चहा. अमेरिकेतले सामने आपल्या मध्यरात्रीपासून थेट उजाडेपर्यंत पसरतात. २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, ११ जून ते १९ जुलै. त्याचा पहिला सामना आणि अंतिम सामना, दोन्ही आपल्या घड्याळात रात्री साडेबाराचे.

नवखे यजमान रात्री साडेबाराच्या सामन्यालाही कोंबडी-वड्याचा घाट घालतात. करू नका. रात्री सव्वा वाजता सागोती (कोंबडीचा रस्सा) खाल्लेला माणूस उत्तरार्धात भिंतीला टेकून घोरतो. अनुभव आहे.

सामना किती वेळ चालतो, तेही धरा. पंचेचाळीस, मध्यंतराची पंधरा, परत पंचेचाळीस, वर वाया गेलेल्या वेळेची भर, म्हणजे दोन तास. बाद फेरीत बरोबरी झाली तर आणखी तीस मिनिटं आणि मग पेनल्ट्या, म्हणजे पावणेतीन-तीन तास. त्यामुळे बाद फेरीच्या रात्री खाण्यातलं थोडं मागे ठेवायचं. आम्ही फणसाचे तळलेले गरे एका डब्यात लपवून ठेवतो. नव्वद मिनिटांत निकाल लागला तर तो डबा उघडतच नाही.

मग वार बघा

हा भाग बाहेरून आलेल्यांना माहीत नसतो आणि फजिती होते. आमच्याकडे कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, शिवाय संकष्टी. बोलावताना प्रत्येकाला "तुझो वार खयचो?" हे विचारून घ्या. मध्यरात्रीच्या सामन्याला तर पेच पडतो. २०२६ चा अंतिम सामना रविवारी रात्री साडेबाराचा, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे सोमवार उजाडलेला. सुक्या जवळ्याचं (बारीक कोळंबीचं) काय करायचं? आमच्या शेजारच्या काकूंनी निकाल दिला की पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तोपर्यंत रविवारच. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे, पण सोमवार पाळणारा माणूस समोर असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबार ठेवा आणि त्यात वेगळा डाव ठेवा. जवळ्याचा चमचा त्या टोपात बुडाला की तो टोप त्याच्या दृष्टीनं बाद.

पंधरा मिनिटांचं गणित

नवीन माणूस पहिल्यांदा म्हणतो, "समुद्र समोर आहे, सुरमई तळू की मध्यंतरात." करून बघा हिशेब. घरच्या मोठ्या तव्यावर सहा-सात तुकड्या मावतात. रवा लावलेली तुकडी एका बाजूनं चार-पाच मिनिटं घेते. म्हणजे एक घाणा दहा मिनिटांचा, आणि तो सात जणांचा. बारा माणसं असतील तर पाच जण उत्तरार्ध सुरू झाल्यावर ताट पुढे करून उभे राहणार आणि तव्यापाशी तुम्ही. तळलेला मासा आधी करून ठेवला तर रवा मऊ पडतो. तेव्हा तळलेला मासा सामन्याच्या रात्री नाहीच. कांदाभजीचंही तेच. पाऊस लागला की कुणीतरी भज्यांचं नाव काढणारच. त्याला सांगा, पीठ तिथे आहे, कढई तिथे आहे. कुणी उठत नाही.

मध्यंतरात फक्त वाढायचं, शिजवायचं काही नाही. यात बसणारे पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत, कारण कोकणातल्या कितीतरी गोष्टी मुरल्यावरच चांगल्या लागतात.

आमचा बारा माणसांचा, रात्री साडेआठच्या सामन्याचा ठरलेला बेत असा: कोंबडीचा रस्सा (हाडांसकट अडीच किलो कोंबडी, तुकडे लहान करून घ्यायचे, कारण अंधारात मांडीवर ताट घेऊन मोठी तंगडी सोडवता येत नाही), काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, चार लाद्या पाव, सोलकढी आणि जवळ्याची चटणी. पूर्वार्धात हातात धरायला केळ्याचे वेफर्स आणि मालवणी खाजं. खाज्याचा गूळ-आल्याचा चिकटपणा रिमोटला लागतो, तेवढी एक तक्रार.

वडे? हो, वडेच. पण ते संध्याकाळी सहालाच तळून ठेवायचे. वड्यांचं पीठ कोमट पाण्यात दुपारीच भिजवून झाकून ठेवा. किलोभर पिठाचे चाळीसेक वडे होतात, थोडे लहान थापले तर जास्त. तळून झाले की स्टीलच्या डब्यात बंद करू नका, आतल्या वाफेनं ते चिवट होतात. टोपलीत सुती फडका पसरून त्यात ठेवा, वरून दुसरा फडका. हे वडे गार झाले तरी खाता येतात. मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत आई वडे बांधून द्यायची ती उगाच नाही. तेव्हा मला हे कुणी आठवून दिलं असतं, तर एम्बापे दिसला असता.

काकूंचं सांबार, आणि ते लिहून घेण्याची पद्धत

पाककृती मागायला गेलात की कोकणात उत्तर मिळतं ते असं. काकूंनी मला पहिल्यांदा सांगितलं ते शब्दशः: "वाटाणे भिजत घालायचे. वाटप लावायचं. मसाला रंग येईपर्यंत. मीठ बेतानं. झालं." यावरून कुणाला सांबार करता आलं तर त्याला मी माझ्या घरी जेवायला बोलावीन.

तेव्हा असं करा. मागायचं नाही, करताना शेजारी उभं राहायचं. हातात एकच वाटी घ्यायची, आणि काकूंचा हात डब्यात गेला की ते जिन्नस आधी वाटीत पडेल, मग टोपात. काकू वैतागतात. वैतागू द्या. त्यांची खोबऱ्याची "एक मूठ" माझ्या आमटीच्या वाटीनं पाऊण वाटी निघाली, आणि माझी स्वतःची मूठ जेमतेम अर्धी. एवढ्या फरकानं रस्सा पाणचट होतो.

शिवाय तीन गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या. किती, हे तर आहेच. दुसरं, झालं हे कशावरून ओळखायचं? तिसरं, बिघडतं ते कुठे? तिसऱ्या प्रश्नाला बायका जेवढं मनापासून उत्तर देतात तेवढं पहिल्या दोनांना देत नाहीत. काकूंनी सांगितलं, "कांदो काळो केलंस तर कडू, आणि खोबरा पांढरा रवला तर फिकट." माझ्या सगळ्या चुका या एका वाक्यात होत्या.

लिहून काढलं ते असं. अर्धा किलो काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घाला, दहा-बारा तास तरी. जुने वाटाणे शिजत नाहीत, तेव्हा दुकानदाराला या वर्षीचे आहेत का ते विचारा. मीठ घालून कुकरला सहा-सात शिट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं. वाटाणा बोटांत चिरडला गेला पाहिजे, पण टोपात अख्खा दिसला पाहिजे. दोन मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात लालसर भाजा, मग त्यात एका नारळाचं खोबरं घालून तांबूस होईपर्यंत परता. हात थांबवायचा नाही, खोबरं एका क्षणात काळं पडतं. गार झाल्यावर पाच-सहा लसूण पाकळ्यांसह बारीक वाटा. मोठ्या टोपात तेलावर एक कांदा, हळद, तीन चमचे मालवणी मसाला, त्यावर वाटप, आणि तेल कडेला दिसू लागलं की वाटाणे त्यांच्या पाण्यासकट. चार-पाच आमसुलं शेवटी. दहा मिनिटं उकळी.

मसाल्याचे तीन चमचे लिहिलेत, पण ते काकूंच्या मसाल्याचे. प्रत्येक घराचा मसाला वेगळा, मिरची वेगळी. दुसऱ्याची पाककृती करताना आधी निम्मा घाला, चव बघा. आणि पाककृती देताना चमच्यांच्या आकड्यापुढे मसाला कुणाच्या घरचा तेही लिहा. हे सकाळी करून ठेवलं तर रात्री जास्त चांगलं लागतं. मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी बारीक गॅसवर ठेवायचं, बस. (हो, गॅस बंदच्या नियमाला एवढा एक अपवाद. टोपाला कुणी राखण लागत नाही.)

सोलकढी शेवटी

सोलकढी लोक सकाळीच करून ठेवतात आणि रात्री आंबूस वास आला की आमसुलांना दोष देतात. दोष नारळाच्या रसाचा. तो गरम दिवसात बाहेर दोन-तीन तासही नीट टिकत नाही. बारा जणांना दोन नारळ लागतात. खवून, लसणीच्या तीन-चार पाकळ्या आणि एखादी मिरची घालून कोमट पाण्यात वाटा, पहिला घट्ट रस वेगळा, दुसरा-तिसरा पातळ रस वेगळा, आणि सगळा थेट फ्रिजमध्ये. वीस-पंचवीस आमसुलं कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून कुस्करून ठेवा. दोन्ही एकत्र करायचं सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. आमसुलांऐवजी आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरत असाल तर मीठ शेवटी, चव बघूनच, कारण आगळ खारट असतं. आणि सोलकढी कधीही गरम करायची नाही, फुटते.

पातेलं पार्टीच्या खोलीत आणू नका. आमच्याकडे शूटआउटच्या वेळी कुणीतरी उडी मारली आणि दीड लिटर गुलाबी सोलकढी सतरंजीवर गेली. डाग अजून आहे. तांब्यात भरून तांब्याच फिरवायचा.

पावसातला सामना

जून-जुलैत गोष्टी बदलतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बाजारात समुद्राचा ताजा मासा नावाला. खाडीचं काही मिळालं तर नशीब. पण आगोट (पावसाळ्यासाठीचा साठा) भरलेल्या घरात सुका जवळा, सोडे (सोललेली सुकी कोळंबी), बांगडे असतातच, आणि मध्यरात्रीच्या सामन्याला जवळ्याच्या चटणीइतकं सोपं काही नाही. शंभर ग्रॅम जवळा चाळून, निवडून, मंद आचेवर कोरडाच भाजा, बोटांत चुरला गेला की झाला. सुकं खोबरं, लाल मिरच्या, लसूण, दोन आमसुलं आणि मीठ जाडसर वाटून त्यात मिसळा. सुक्या खोबऱ्याची चटणी चार-पाच दिवस टिकते. ओलं खोबरं घातलंत तर त्याच दिवशी संपवा. जवळा दुपारीच भाजून घ्या. रात्री बाराला भाजलात तर अख्ख्या वाडीला कळतं की तुमच्याकडे काय चाललंय. कोळंबी-जवळ्यानं ज्यांच्या अंगावर पित्त उठतं अशी माणसं असतात, म्हणून डब्यावर ठळक लिहा.

पावसात वीज जाते हे धरूनच चाला. मिक्सरचं सगळं वाटण दुपारी चारच्या आत. एकदा मी रात्रीवर ठेवलं आणि शेवटी बायकोनं पाट्यावर वाटलं. त्यानंतर आठवडाभर ती काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. इन्व्हर्टर टीव्हीसाठी राखा, फ्रिजसाठी नाही. डिशचा सिग्नल मुसळधार पावसात जातो, तेव्हा मोबाइलवर सामना लावायची तयारी ठेवा. मोबाइलवरचं चित्र काही सेकंद मागे असतं, त्यामुळे शेजारच्या घरातून आधी "गोल झालो!" ऐकू येतं आणि मग तुमच्याकडे पेनल्टीची तयारी दिसते. त्याला उपाय नाही.

गोडाला जूनच्या सुरुवातीला फणसाचं सांदण करता येतं, बरक्या गऱ्यांचा रस, तांदळाचा रवा आणि गूळ वाफवून. सकाळीच करायचं, रात्री गारच खायचं. पण दोन-चार मोठे पाऊस झाले की फणसाला पाणी लागतं आणि रस बेचव होतो. मग आंबापोळीचे तुकडे करून ठेवा.

पहाटे संपणाऱ्या सामन्याला पेज. उकड्या तांदळाची एक वाटी, पाणी आठ वाट्या, मंद आचेवर तासभर. सामना सुरू व्हायच्या आधी शिजवून झाकून ठेवली की उजाडता उजाडता कोमट असते. वर मीठ, बाजूला तीच जवळ्याची चटणी नाहीतर कैरीचं लोणचं. पावसात मोटरसायकलनं घरी न गेलेली दोन-चार पोरं सतरंजीवर झोपलेली असतातच, त्यांना उठवायला यापेक्षा चांगली हाक नाही. आमच्याकडे एक कोल्हापूरकर येतो, फुटबॉल त्याच्या रक्तात. पेज बघून पहिल्यांदा म्हणाला, "हे काय आजाऱ्याचं?" आता तोच आधी विचारतो.

कोण काय आणणार

"येताना काहीतरी घेऊन या" असं म्हणालात की सहा घरांतून सहा लाडवांचे डबे येतात. म्हणून भाग पाडून द्या. रस्सा यजमानाचा, कारण तो टोप घेऊन कुणी स्कूटरवर येऊ शकत नाही. बाकी एकाला पाव, एकाला कोरडं, एकाला प्यायचं, एकाला गोड. ज्याला काहीच येत नाही त्याला बर्फ आणि केळीची पानं. पानं मध्यंतराआधी पुसून घ्यायचं कामही त्यालाच. रस्सा मात्र पानात नको, तो खोलगट वाडग्यात, नाहीतर परत सतरंजी.

आणलेल्या प्रत्येक पदार्थासोबत त्याची चिठ्ठी आणायची, ही आमच्याकडची अट. व्हॉट्सअॅपवरचा निरोप चालत नाही, दोन दिवसांत तो सुप्रभातांच्या खाली गाडला जातो. वहीचं पान, हातानं लिहिलेलं. खाली किती माणसांना पुरलं ते पार्टी झाल्यावर लिहायचं, आधी नाही. "बारा जणांना" असं लिहिलेलं सांबार आमच्या घरी नऊ जणांनी संपवलं, ते खोडून दुरुस्त केलेलं पान माझ्याकडे आहे.

भांड्यांवर नावं कोरलेली असतात, त्यामुळे कुणाचा टोप कुणाचा हा प्रश्न येत नाही. सकाळी घासून परत द्यायचे. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर आता सांगतो. काकूंचा टोप मी गेल्या वेळी फणसाचे गरे घालून दिला, त्या लपवलेल्या डब्यातले. नव्वद मिनिटांत निकाल लागला होता.